उसनं आडनाव

पंचानं निकाल दिला तेव्हा इंदू माझ्यासमोर बसून माझ्याच ब्लाऊजची बाही उसवत होती. रुग्णालयात रिकाम्या हातानं बसवत नाही म्हणून ती शिवणाची पिशवी बरोबर घेऊनच यायची. "तुझा दंड वाढलाय, त्रिशला," असं ती म्हणाली, आणि माझ्या टेबलावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : यकृतात प्रसार संभवतो. शस्त्रक्रिया सुचवत नाही.

मी पडदा थोडा माझ्याकडे वळवला. इंदूच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आलं का काय?"

"आलंय. मला नीट बघू दे. संध्याकाळी घरी येऊन सांगते."

"घरी कशाला? चांगलं असतं तर इथंच सांगितलं असतंस." तिनं सुई बाहीत टोचून ठेवली. "सांग."

मी सांगितलं.

इंदुमती तोडकर माझी शेजारीण. मिरजेत आमच्या दोन घरांची एक भिंत सामाईक आहे. तिच्या शिलाई मशीनचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो, आणि माझा सकाळचा जप संपला की तिला कळतं, कारण त्यानंतरच मी नळ सोडते. काही आठवड्यांपूर्वी तिचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. काविळीवर म्हणून तिनं कुणाकडून तरी मुळी आणून खाल्ली, त्यात थोडा वेळ गेला. मग स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली.

स्वादुपिंड जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून असतं. तिथे वाढणारी गाठ हाताला लागत नाही आणि बरेच दिवस दुखतही नाही. ती जागच्या जागी असेल तर शस्त्रक्रिया करतात. ती मोठी असते, माणसाला अंथरुणाला खिळवते, पण पुरतं बरं होण्याची आशा तिच्यातच असते. गाठीचे कण यकृतात पोचले असतील तर मात्र तीच शस्त्रक्रिया व्यर्थ. कापलेलं भरून येईपर्यंत औषधं देता येत नाहीत, आणि तेवढ्यात आजार पुढे निघून जातो. म्हणजे सगळं एका प्रश्नाशी येऊन थांबतं : यकृतापर्यंत गेलाय की नाही?

इंदूच्या यकृतात, वर छातीच्या पडद्याखाली, मुगाच्या डाळीएवढा एक ठिपका होता. सुई तिथवर पोचत नव्हती. दुर्बीण घालावी तर तो पृष्ठभागावर नव्हता. त्याची ओळख बाहेरूनच पटवायची होती.

त्यासाठी आमच्याकडे चार स्कॅन आहेत. सीटी आकार बघतो : कुठे काय आहे, केवढं आहे, कोणत्या रक्तवाहिनीला चिकटलंय. एमआरआय पाण्याची हालचाल बघतो; पेशी जिथे दाटीनं बसल्यात तिथे पाणी अडखळतं. तिसरा म्हणजे जुना पेट स्कॅन, त्याला आमच्या विभागात सगळे साखरेचा स्कॅन म्हणतात. किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी हावरट असतात, त्या ती ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. चौथा स्कॅन नवा आहे, त्याला साखरेशी देणंघेणं नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग आपल्याभोवती चिवट तंतूंचं कोंदण विणून घेतो. ते विणणाऱ्या पेशींना चिकटणारं एक द्रव्य या स्कॅनमध्ये देतात. त्यात अगदी बारीक ठिपकाही लख्ख दिसतो. एक खोड आहे मात्र. जुना व्रण, भरून आलेलं गळू, सूज येऊन बरी झालेली जागा, इथेही तसलेच तंतू असतात, आणि त्याही जागा उजळतात.

मला तर वाटतं, चारही स्कॅन खरंच बोलतात. प्रत्येकाला विचारलेला प्रश्न वेगळा असतो, एवढंच. आम्ही जैन, आमच्याकडे कुठल्याही विधानाआधी 'स्यात्' म्हणायला शिकवतात, म्हणजे या बाजूनं पाहिलं तर असं. अहवाल लिहिताना तो शब्द मनात धरला की हात जरा सावकाश चालायचा.

पण अहवाल आता आम्ही लिहीत नाही, पंच लिहितो. या प्रणालीचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे. चार साक्षी ऐकून एक निकाल देते म्हणून रुग्णालयात सगळे तिला पंच म्हणतात. कोणत्या साक्षीवर किती विश्वास ठेवायचा ते पंच स्वतः शिकतो, आणि ज्या गावात बसवला त्या गावच्या रुग्णांवरून शिकतो. पुढे कुणाच्या पोटात खरोखर काय निघालं ते त्याला कळवतात, की तो आपलं माप सुधारून घेतो. त्याचे निकाल इतक्या वेळा बरोबर आले होते की शल्यचिकित्सक त्याच्या शब्दाबाहेर जात नसत.

"म्हणजे कापणार नाहीत?" इंदूनं विचारलं.

"पंच नको म्हणतोय."

"पंच कोण? डॉक्टर आहे का तो?"

"यंत्र आहे गं."

"मग तू कशाला आहेस तिथं?"

एवढं बोलून तिनं राहिलेली बाही उसवली, दोरे वेचून पिशवीत टाकले आणि ती उठली.

दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन मी थेट विभागात गेले आणि पंचाला विचारलं, "तोडकरांच्या निकालात कुणाची साक्ष किती धरलीस?"

पंचाचा आवाज मऊ आहे, आकाशवाणीवरच्या बाईंसारखा. "सीटी आणि एमआरआय यांना त्या ठिपक्याबद्दल काही सांगता आलेले नाही. साखरेच्या स्कॅनमध्ये ठिपका उजळला नाही. नव्या स्कॅनमध्ये उजळला. मी नवा स्कॅन ग्राह्य धरला."

"आणि साखरेचा?"

"या गटात तो विश्वासार्ह नाही."

"कोणता गट?"

"येथील रुग्णांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात साखरेचा स्कॅन उत्तम चालतो. दुसऱ्यात चालत नाही. तोडकर दुसऱ्या गटात आहेत."

"हे गट कशावरून पाडलेस?"

"आडनाव आणि गाव यांवरून अंदाज सर्वांत चांगला येतो. कारण आनुवंशिक असू शकते."

पहिल्या गटातली चार आडनावं सांग म्हटलं. मगदूम, चौगुले, उपाध्ये, काही पाटील. मी मगदूम. ते काही पाटील कोणते हेही मला न सांगता कळलं. सगळी आमच्या बस्तीत भेटणारी माणसं.

तेवढ्यात आमचे विभागप्रमुख डॉ. अयाज बारगीर आत आले. ते दारातच हसले. "कळलं का तुम्हाला शेवटी? मला गेल्या वर्षीच दिसलं होतं. पुण्याचे एक जनुकतज्ज्ञ तर यावर निबंध लिहायला बसलेत. तुमचं स्वादुपिंड सोन्याचं, आमचं पितळेचं!"

"सर, तुम्हाला हे पटतं?"

"पटायला काय झालं? पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं, एखादा जनुक आला असेल उतरत. आणि निकाल बरोबर येतायत ना?"

पंचाला सरावाचा एक कप्पा आहे, तिथे केलेलं कुणाच्या नोंदीत जात नाही. मी इंदूची सगळी चित्रं तिथे उतरवली, एक अक्षर बदललं नाही. फक्त तोडकर पुसून मगदूम लिहिलं.

प्रसार आढळत नाही. शस्त्रक्रिया सुचवतो.

बारगीर सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी तो निकाल दोनदा वाचला आणि हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला.

संध्याकाळी मी हे इंदूला आणि तिच्या नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याच्यापासून असली गोष्ट लपवायची कशी? संपतराव एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. मी घरी येऊन जेवायला बसले, मला सूर्यास्ताआधी जेवावं लागतं, तर ते परसदारी येऊन उभे.

"ताई, वाटीभर साखर मागायला आलो असतो तर नाही म्हणाला असता?"

"नाही. आत या ना."

"शिडी नेली, सिलिंडर नेला, पोरीच्या लग्नात तुमची ताटं नेली. सगळं परत केलंय का नाही?"

"केलंय की."

"मग आता एक आडनाव उसनं द्या." ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. "इंदुमती मगदूम म्हणून घाला त्या यंत्रात. ऑपरेशन झालं की परत आणून देतो."

मी घास ताटात परत ठेवला.

"संपतराव, असं करता येत नाही."

"का येत नाही? तुमच्या माणसांना ते हो म्हणतंय, आमच्यांना नाही म्हणतंय. अन्याय आहे का नाही हा?"

"आहे."

"मग?"

"तो ठिपका काय आहे हेच मला अजून कळलेलं नाही. माझं नाव लावलं तर पंच हो म्हणेल. ठिपक्याला त्याचं काय?"

"तुम्हाला खोटं लिहायचं नाही. तुमचा नियम मोडतो. सरळ सांगा की."

हे मात्र लागलं. "नियम मोडला तर मी प्रायश्चित्त घेईन. पण ठिपका खरा निघाला तर तिचं पोट उगाच फाडलं जाईल, त्याचं प्रायश्चित्त कोण घेणार? मला दोन दिवस द्या. यंत्र असं का वागतंय ते शोधू दे."

ते गेले. एरवी कडी लावून, ती लागली का ते हलवून बघणारा माणूस, त्या दिवशी फाटक उघडंच टाकून गेला.

मी दुसऱ्या दिवशी एक जुनी सवय परत धरली. पंच आम्हाला चित्रं स्वच्छ करून दाखवतो. नको ते डाग, हालचालीच्या रेघा काढून टाकतो. मी इंदूच्या साखरेच्या स्कॅनचं मूळ, न धुतलेलं चित्र मागवलं. तिच्या मांड्या, दंड, हृदय, सगळं पेटल्यासारखं उजळलं होतं. धावत रुग्णालयात आलेल्या माणसाचं असं दिसतं. किंवा जेवून आलेल्याचं.

पोट रिकामं असताना आपले स्नायू साखरेच्या मागे लागत नाहीत. म्हणून शिरेतून दिलेली साखर ज्याला तिची खरी हाव आहे त्या पेशींकडे जाते. पण आपण काही खाल्लं की शरीरात इन्शुलिन सुटतं, आणि स्नायूंची दारं उघडतात. मग दिलेली साखर तेच गट्ट करतात, आणि मुगाच्या डाळीएवढ्या ठिपक्याच्या वाट्याला काही उरत नाही. बोटाला टोचून केलेली तपासणी हे पकडेलच असं नाही. मधुमेह नसेल तर शरीर रक्तातली साखर दोन-तीन तासांत ताळ्यावर आणतं, आकडा मर्यादेत बसतो आणि माणूस पुढे पाठवला जातो.

दुपारी मी इंदूकडे गेले. ती मशीनवर होती.

"इंदू, साखरेच्या स्कॅनला आलीस त्या दिवशी चालत आली होतीस का?"

"छे. रिक्षानं."

"काही खाल्लं होतंस?"

"नाही गं बाई. उपवास होता ना. तुमच्याच त्या बाईचा फोन, सहा तासांचा उपवास आवश्यक आहे म्हणून. दोनदा ऐकवलं मेलीनं."

"मग? काहीच नाही?"

"उपवासाचं खाल्लं तेवढंच. पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी टाकली, वाटीभर. वर एक केळं. यांनीच आग्रह केला, चक्कर येईल म्हणाले."

मशीन थांबलं होतं. इंदू माझ्या तोंडाकडे बघत होती.

तो निरोप मी स्वतः ऐकलेला होता. इंग्रजीतल्या सूचनेचं कुणीतरी शुद्ध मराठी केलं होतं, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. आमच्या घरात उपवास म्हणजे अन्न नाही. फार तर उकळून गार केलेलं पाणी. साबुदाण्याचा उपवास मला माहीत नव्हता असं कसं म्हणू, जन्म मिरजेत गेला. इंदूच्याच हातच्या खिचडीचा वास दर सोमवारी भिंतीपलीकडून येतो. पण तो निरोप ऐकताना माझ्या कानांनी माझाच उपवास ऐकला.

मी इंदूला सगळं सांगितलं. आमची माणसं तो शब्द ऐकून रिकाम्या पोटी आली, म्हणून त्यांचे स्कॅन खरे निघाले. बाकीची उपवासाचं खाऊन आली. पंचाला साबुदाणा कुठून दिसणार? त्याला दिसली ती आडनावं.

इंदू हसायला लागली. पोटाला हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं म्हणजे माझ्या खिचडीनं यंत्राला जात शिकवली की!"

बारगीर सरांनी विभागातल्या दोघींना दुसऱ्या गटातल्या रुग्णांना फोन करायला बसवलं. प्रश्न एकच : स्कॅनच्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं? "काही नाही, उपवास होता," असं आधी सगळेच म्हणत. आणखी विचारलं की निघे : भगर आणि दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. बटाट्याचे वेफर्स, पण घरचे. सरांच्या मावसभावानं तर उपवासाचं मराठी आपल्या भाषेत करून घेतलं होतं. रोज्याला करतात तशी पहाटे पोटभर सहरी करून, मग दिवसभर पाणीसुद्धा न पिता आला होता. सर पहिले काही फोन ऐकून हसत होते. मग त्यांचं हसणं थांबलं.

"त्रिशलाबाई, यांतल्या ज्यांना आपण ऑपरेशन नाकारलं..."

"नव्या स्कॅनच्या एकट्याच्या शब्दावर नाकारलं."

"आणि ज्यांच्या यकृतात नुसताच जुना व्रण असेल ते?"

सरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. अशा सगळ्यांना परत बोलवायचं, हे त्यांनी त्याच बैठकीत ठरवलं, पुण्याच्या जनुकतज्ज्ञांना फोनही स्वतःच केला. निरोपातला उपवास काढून तिथे 'उपाशीपोटी' घातलं.

सगळ्यांत आधी इंदूला बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी मी दोघांसमोर बसले.

"उद्या ठिपका उजळला नाही, तर तो बहुतेक जुना व्रण आहे. मग ऑपरेशन होईल. उजळला, तर मात्र दार बंद. आज निदान संशय आहे. संशयाचा फायदा देऊन दुसऱ्या गावचा एखादा सर्जन कापायला तयार होईलही."

संपतराव लगेच म्हणाले, "मग नकोच तो स्कॅन. संशय आहे तोवर आशा आहे. आपण पुण्याला जाऊ."

"अहो," इंदू म्हणाली, "बाईचं माप घेतल्याशिवाय मी कधी खणाला कात्री लावली का?"

"त्याचं इथं काय?"

"मग मला तरी कुणी अंदाजानं का कापावं?"

ते उठून बाहेर गेले. इंदू माझ्याकडे वळली. "उद्या चहासुद्धा नाही ना?"

"पाणी तेवढं पी. दुसरं काही नाही."

"बघू तुमच्यातला उपवास कसा असतो ते."

सकाळी तिला साखर टोचली. तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं असतं, बोलायचंही नाही; बोललं की जबड्याचे स्नायू साखर खातात. हे ऐकून संपतराव आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "हे तिला जमायचं नाही, ताई." पण जमलं.

चित्र आलं तेव्हा मी पंचाला गप्प बसवून मूळ चित्रच उघडलं. मांड्या काळोख्या होत्या, दंड काळोखे. साखर जिथे जायची तिथेच गेली होती. स्वादुपिंडाशी गाठ ठळक, आणि वर छातीच्या पडद्याखाली तो ठिपका, स्वच्छ उजळलेला. त्याच्या शेजारी दुसरा, आधी कोणत्याच स्कॅननं न सांगितलेला.

बारगीर सर पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पंच बरोबरच होता."

"हिच्या बाबतीत निकाल बरोबर आला, सर. कारण चूकच होतं. त्याच कारणानं आणखी कुणाला काय सांगितलं असेल, ते आपल्याला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली.

इंदू माझ्या खोलीत आली तीच भिंत धरून. "आधी काहीतरी खायला घाल. मग सांग काय ते. पोटात नुसता खड्डा पडलाय."

मी उपाहारगृहातून इडल्या मागवल्या. तिनं दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी संपतरावांच्या ताटलीत सरकवली, बोटं पुसली. "हं."

मी पडदा तिच्याकडे वळवला आणि बोटानं दाखवलं. एक. आणि हा दुसरा.

तिनं पुढे वाकून पाहिलं. सुईत दोरा ओवताना बघते तसे डोळे बारीक करून. "एवढुसे आहेत की गं."

"हो."

"मग ऑपरेशन नाही."

"नाही. गोळ्या आहेत. आपल्या लहानपणी नव्हत्या. या गाठीला वाढायला सांगणारा जो खटका असतो ना, तोच त्या दाबून धरतात. कुणाला वर्ष मिळतं, कुणाला तीन-चार."

"आणि कुणाला काहीच नाही."

"असंही होतं."

संपतराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. तिकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी ताईंनी नाव दिलं असतं तर..."

"तर मी पोटाला टाके घालून पडले असते," इंदू म्हणाली, "तेही दुसऱ्याच्या नावावर. इकडे या. ही अर्धी इडली खा, सकाळपासून तुम्हीही काही खाल्लेलं नाही."

ते आले. ताटली हातात घेऊन माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण उठूनही गेले नाहीत. इडली संपायला फार वेळ लागला.

"बाकीच्यांचं काय?" इंदूनं विचारलं.

"बोलावतोय एकेकाला. बाहेर आरग गावचे एक आजोबा बसलेत. त्यांनाही पंचानं नाही म्हटलंय. पण त्यांच्या यकृतात तरुणपणी गळू झालं होतं. उजळतोय तो नुसता त्याचा व्रण असेल तर त्यांचं ऑपरेशन होऊ शकेल."

निघताना मी दोघांना बाहेरपर्यंत सोडायला गेले. आजोबा बाकावर एकटेच होते, टोपी मांडीवर ठेवून. परिचारिका सुईची थाळी घेऊन त्यांच्याकडे येत होती. इंदू चालता चालता थांबली, आणि त्यांच्या शेजारी टेकली.

"काका, सकाळपासून पोटात काही गेलंय का?"

"काही नाही बाई. त्या फोनवालीनं बजावलंय, उपाशी या म्हणून. अन् आज तर एकादशीच आहे."

"मग एकादशीचं काय खाल्लंत?"

"राजगिऱ्याचा लाडू. एकच. त्याला काय खाणं म्हणायचं?"

इंदूनं हात वर करून परिचारिकेला जागीच थांबवलं. "त्रिशला, यांना आज टोचू देऊ नकोस. उद्या बोलव." मग आजोबांकडे वळून, गिऱ्हाइकाला समजावतात तसं सावकाश म्हणाली, "काका, उद्या घरी बारस सोडायची नाही. घोटभर चहाही घ्यायचा नाही. पाणी प्यायचं आणि सरळ इथं यायचं. स्कॅन झाला की बारस इथंच सोडा."

"इथं कुठं सोडू? इथं कोण आहे माझं?"

"मी आहे की. डबा घेऊन येते." ती उठली, आणि संपतरावांना म्हणाली, "चला. वाटेत भाजी घ्यायचीय."